पांढरीच्या पोटातला काळ

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयाची सर्वांत नावाजलेली वस्तू जेमतेम पंजाएवढी आहे. ब्राँझची मूर्ती, दाट दाढी, अंगावर वस्त्र नाही, छाती-दंडाचे स्नायू घोटून काढलेले. हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. भूमध्य समुद्राकाठच्या कुणा कारागिराने तो ओतला. मग तो जहाजातून कोकण किनाऱ्याला लागला, बैलांच्या किंवा माणसांच्या पाठीवरून सह्याद्री चढला आणि पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडावरच्या एका घरात येऊन थांबला. पुढे घर पडले, त्यावर दुसरी घरे उठली, आणि देव सुमारे दोन हजार वर्षे मातीत राहिला.

तो केव्हाचा, हा प्रश्न संग्रहालयात येणारा शाळकरी मुलगाही विचारतो. पण या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. मूर्ती घडली केव्हा? कोल्हापुरात आली केव्हा? जमिनीत गेली केव्हा? शैली पाहून अभ्यासक पहिल्याचे उत्तर देतात: इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास. दुसऱ्याचे उत्तर व्यापाराच्या इतिहासातून अंदाजाने मिळते. तिसरे उत्तर मात्र मूर्तीपाशी नाहीच. ते तिच्या भोवतालच्या मातीत, राखेत, कोळशात होते. गेल्या पाऊणशे वर्षांत पुराणवस्तुशास्त्रात जी क्रांती झाली, ती मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत झाली. महाराष्ट्राचा त्या क्रांतीशी फार जवळचा संबंध आहे आणि कोल्हापूर तिच्या उंबरठ्यावर अगदी थोडक्यात मागे राहिले.

नाण्यांवर उभी कालगणना

जुन्या गावाची माती राखेने, शेणाने, चुन्याने, शेकडो वर्षांच्या वापराने फिकट होते. शेतकरी तिला पांढर म्हणतात. ब्रह्मपुरी ही अशीच पांढर. १९४०च्या दशकाच्या मध्याला राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनी येथे काम केले आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शिस्तशीर उत्खनन केले. १९५२ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. दक्षिणेतल्या सुरुवातीच्या नीट नोंदल्या गेलेल्या उत्खननांत त्याची गणना होते. याच काळात सापडलेल्या वस्तूंसाठी १९४६ मध्ये कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय सुरू झाले.

खणताना थर दिसले. वर मराठा आणि बहामनी काळ, त्याखाली शिलाहार, तळाशी सातवाहन. ही नावे थरांना मिळाली ती मुख्यतः नाण्यांमुळे आणि खापरांमुळे. बहामनी सुलतानांची नाणी ज्या थरात सापडतात तो थर त्यांच्या काळातला. शिशाची, धनुष्यबाण कोरलेली नाणी जिथे सापडतात तो सातवाहनकाळचा.

ही धनुष्यबाणाची नाणी कोल्हापूरच्या इतिहासातली गोड गुंतागुंत आहे. त्यांवर तीन राजांची नावे येतात: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर. यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. ते नाण्यांनीच सांगितले. पहिल्या राजाचे नाणे घेऊन त्यावर दुसऱ्याने आपला ठसा मारला आणि दोघांच्याही नाण्यांवर तिसऱ्याने. खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा. एका नाण्याच्या पाठीवर पांढरीचे सगळे थरशास्त्र आले. शिवाय इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्याला लिहिणाऱ्या टॉलेमीने बलेओकुरोस नावाच्या राजाच्या हिप्पोकुरा नगराचा उल्लेख केला आहे. हे नाव विळिवायकुराशी जुळते, म्हणून या घराण्याला शतकाचा आधार मिळाला.

अशा जुळवाजुळवीतून कधी कधी फार नेमके वर्ष हाती लागते. इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडले, त्यामुळे ती मूर्ती त्याआधीची, यात शंका उरली नाही. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आणि त्यांचा काळ पाँपेईच्या राखेने ठरवून दिला.

पण ज्वालामुखी सगळीकडे मदतीला येत नाही, आणि नाणे फक्त एका बाजूची सीमा सांगते. ज्या थरात नाणे पडले तो थर नाणे पाडल्यानंतरचा, एवढेच नक्की. किती नंतरचा? शिवराई हे त्याचे घरचे उदाहरण. शिवकाळात सुरू झालेले हे तांब्याचे नाणे मराठी राज्य गेल्यानंतरही, एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली, बाजारात फिरत होते. एखाद्या वाड्याच्या पायात शिवराई सापडली म्हणून वाडा सतराव्या शतकातला ठरत नाही. शिवाय नंतरच्या काळात खणलेला बळदाचा खड्डा, उंदराचे बीळ, झाडाचे मूळ यांतून वरची वस्तू खाली जाते. आणि नाणीच नसलेल्या काळाचे काय? सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात हजार-दीड हजार वर्षे गावे नांदली. त्यांना ना लिपी होती, ना नाणी. त्यांचे वय सांगायला कुणीच नव्हते.

ब्रह्मपुरीचे खड्डे बुजले त्यानंतर तीनच वर्षांनी उत्तर आले.

अणूंचे घड्याळ

शिकागोतले रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबी आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये ज्ञात वयाच्या लाकडांवर आपली पद्धत तपासून दाखवली. १९६० मध्ये लिबींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पद्धतीमागची कल्पना अशी. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागात सुटणारे न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूंवर आदळून त्यांचे किरणोत्सारी कार्बनमध्ये, म्हणजे कार्बन-१४मध्ये, रूपांतर घडवत असतात. हा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळतो. झाड तो हवेतून घेते, गाय झाडपाला खाते, माणूस दोन्ही खातो. म्हणून जिवंत असेपर्यंत प्रत्येकाच्या अंगात त्याचे प्रमाण जवळजवळ हवेइतकेच राहते: साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक.

जीव गेला की आवक थांबते. आत असलेला कार्बन-१४ मात्र ठरल्या गतीने विघटित होत राहतो आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. उरलेला किती ते मोजले, की मृत्यूला किती वर्षे झाली याचा हिशेब लागतो. जोंधळ्याचा दाणा कणसातून खुडला गेला तो क्षण, झाडात लाकडाचे एखादे वलय तयार झाले ते वर्ष, जनावर मारले गेले तो दिवस: घड्याळ तिथून सुरू होते. साधारण ५०,००० वर्षांनंतर उरलेले अणू इतके थोडे असतात की मोजणे भरवशाचे राहत नाही.

सुरुवातीला विघटन होताना बाहेर पडणारे कण मोजत. ताज्या सजीवातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला जेमतेम चौदा अणू फुटतात. त्यामुळे नमुना मूठभर लागे आणि मोजणी दिवसेंदिवस चाले. १९७७च्या सुमारास कण-त्वरक यंत्राने अणूच थेट मोजण्याची रीत निघाली, ती एएमएस. तिने सगळे बदलले. आता काही मिलिग्रॅम पुरतात. मूठभर कोळशाच्या जागी एक जळका दाणा.

नेवाशापासून इनामगावपर्यंत

या शास्त्राचे महत्त्व महाराष्ट्रात फार लवकर ओळखले गेले. सांकलियांनी १९५०च्या दशकात प्रवरेकाठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे येथे उत्खनन केले आणि तिथला कोळसा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासला गेला. काळ्या रेघांची लाल खापरे, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि गारगोटीची पाती वापरणाऱ्या ज्या शेतकऱ्यांची ओळख १९५०-५१ मध्ये जोर्वे गावात पटली होती, त्यांना पहिल्यांदाच वय मिळाले. ते इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकातले, बुद्धाच्याही कित्येक शतके आधीचे निघाले. महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो हा समज एका पुडीभर कोळशाने मोडला.

परदेशी प्रयोगशाळेकडे डोळे लावून बसण्याची पाळी फार दिवस राहिली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या पुढाकाराने कार्बन कालमापनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९६३ मध्ये तिची पहिली तारीखयादी प्रसिद्ध झाली. तिथल्या मोजणीच्या तंत्रात शीला कुसुमगर यांचा मोठा वाटा होता. धर्मपाल अगरवाल यांनी याच प्रयोगशाळेच्या तारखांच्या बळावर १९६४ मध्ये सिंधू संस्कृतीचा कालखंड पूर्वी मानत त्याहून आखूड असल्याचे मांडले. जुन्या उत्खनन अहवालांत तारखेआधी ‘टीएफ’ अशी खूण दिसते ती या टाटा संस्थेची. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतही मोजणी सुरू झाली. आता दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरसारख्या ठिकाणी एएमएसही होते.

या सगळ्याचे सर्वांत भरघोस फळ इनामगावला आले. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८२ अशी चौदा वर्षे सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या चमूने एकच गाव उकलले. शंभराहून अधिक घरे, अडीचशेहून अधिक दफने. कार्बन तारखांच्या मालिकेने या गावाचे तीन टप्पे दाखवले: इसवी सनपूर्व १६०० ते १४०० माळवा संस्कृती, १४०० ते १००० पूर्व-जोर्वे आणि १००० ते ७०० उत्तर-जोर्वे.

या आकड्यांमागे माणसे आहेत. घराच्या जमिनीत एक उथळ खड्डा. त्यात दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत तान्ह्या मुलाची हाडे. आईबापांनी बाळ उंबऱ्याबाहेर नेले नाही, आपल्या चुलीजवळच्या जमिनीत ठेवले आणि वर पुन्हा सारवण घातले. अशी दफने इनामगावात घरोघरी मिळाली. सारवणांचे थर मोजले तर कोणते दफन आधीचे आणि कोणते नंतरचे ते कळते. घरातल्या कोळशाची तारीख मिळाली तर त्या आईच्या दुःखाला शतक मिळते.

तारखांमुळेच एक मोठा प्रश्नही विचारता आला. इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास इनामगावची ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती रोडावली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरचा भर वाढला. ढवळीकरांनी याचे कारण पाऊसमान घटण्यात शोधले. हे पटायचे तर गावाची घसरण आणि दुष्काळ एकाच काळातले असल्याचे सिद्ध व्हावे लागते. दोन्ही तारखांत दोनशे वर्षांचा फरक निघाला तर कारण आणि परिणाम जागा बदलतात. कालमापनातली चूक इतिहासाच्या अर्थापर्यंत पोहोचते ती अशी.

आकडा वाचावा कसा

प्रयोगशाळेतून येणारी चिठ्ठी वर्तमानपत्रातल्या बातमीहून बरीच वेगळी असते. समजा तिच्यावर ‘३००० ± ३०’ असे लिहिले आहे. यातला ३००० म्हणजे कार्बन-वर्षे, आणि ती मोजायची १९५० सालापासून मागे. १९५० हे वर्ष संकेत म्हणून धरले गेले. त्यानंतरच्या अणुबाँब चाचण्यांनी हवेतल्या कार्बन-१४चे प्रमाण जवळजवळ दुप्पट केले, त्यामुळे नंतरची हवा मूळ मोजमापाला निरुपयोगी झाली. ± ३० ही मोजणीतली सांख्यिकी अनिश्चितता आहे. खरे मूल्य त्या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के. पट्टा दुप्पट केला तर सुमारे ९५ टक्के.

आता ३०००मधून १९५० वजा करून इसवी सनपूर्व १०५० असे लिहिले तर ते चूक ठरते. हवेतले कार्बन-१४चे प्रमाण युगानुयुगे एकसारखे नव्हते. सूर्याचे चढउतार, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांनी ते कमीजास्त होत आले. म्हणून वय ठाऊक असलेल्या गोष्टींशी ताळा पाहावा लागतो. युरोपातल्या ओक-पाइनची वर्षागणिक मोजलेली वलये, जपानमधल्या सुइगेत्सु तळ्यातले दरवर्षीचे गाळाचे पापुद्रे, गुहांतले चुनखडीचे लवणस्तंभ यांवरून ५५,००० वर्षे मागे जाणारा अंशांकन-आलेख तयार झाला आहे. २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. त्यावर ठेवून पाहिले की वरचा ३००० ± ३० हा आकडा साधारण इसवी सनपूर्व १३८० ते ११२० या दरम्यान जातो. साध्या वजाबाकीहून तो दीड-दोनशे वर्षे जुना ठरतो.

याच कारणाने जुने मराठी-इंग्रजी अहवाल जपून वाचावे लागतात. १९६०-७०च्या दशकांतल्या कित्येक तारखा अंशांकन न करता छापल्या आहेत. काहींसाठी लिबींचे ५,५६८ वर्षांचे अर्धायुष्य वापरले आहे, काहींसाठी सुधारलेले ५,७३०. दोन पुस्तकांतल्या दोन तारखा शेजारी मांडण्याआधी त्या एकाच मापाने मोजल्या आहेत का, हे पाहणे हा अभ्यासाचा पहिला भाग झाला. मोसमी वाऱ्यांच्या देशात आणखी एक बारकावा आहे. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांच्या हवेतले कार्बन-१४चे प्रमाण किंचित वेगळे असते, म्हणून दोघांचे आलेख वेगळे. पावसाळ्यात आपल्याकडे दक्षिणेची हवा येते. खरिपाच्या पिकाने कोणती हवा घेतली, हा प्रश्न काही दशकांच्या फरकापुरता का होईना, विचारावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण महाराष्ट्राच्या नेमक्या नाजूक काळात येते. इसवी सनपूर्व आठव्या शतकापासून साधारण ४००पर्यंत अंशांकनाचा आलेख जवळजवळ सपाट आहे. तेव्हाच्या तीन-साडेतीनशे वर्षांतल्या वस्तू जवळपास एकच कार्बन-वय दाखवतात. इनामगावचा शेवट, विदर्भातल्या शिळावर्तुळांखाली घोड्यांसह पुरलेली माणसे, नायकुंडची लोखंडाची भट्टी, पहिल्या नगरांची चाहूल: सगळे या सपाटीवर किंवा तिच्या काठावर येते. इथे एकटी तारीख कामाची नाही. एकाखाली एक अशा थरांतून अनेक नमुने घ्यावे लागतात. खालचा थर आधीचा हे निश्चित ज्ञान गणितात घातले, की पट्टा आवळत आणता येतो. बेजच्या संख्याशास्त्रावर आधारलेली ही रीत आता सर्वत्र रूढ आहे आणि जुन्या थरशास्त्राची किंमत तिने वाढवली आहे.

लाकूड जुने, घर नवे

प्रयोगशाळेतली मोजणी कितीही अचूक असली तरी नमुना चुकला तर सगळे चुकते. कोल्हापुरात कुणी जुना वाडा उतरवताना पाहिला असेल त्याला हे चटकन कळेल. सागवानी तुळया कुणी टाकून देत नाही. त्या दुसऱ्या वाड्याला लागतात, तिथून तिसऱ्या. शिवाय सागाचे झाड दोनशे वर्षे जगले असेल तर त्याच्या गाभ्यातले लाकूड तोडणीच्या वेळीच दोनशे वर्षांचे असते. अशा तुळईचा कोळसा घराच्या वयाहून तीन-चारशे वर्षे जुनी तारीख देईल, आणि प्रयोगशाळेची त्यात काहीच चूक नसेल. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली सागाच्या कमानी आजही आहेत. तिथे गाभ्यातले लाकूड घेतले की सालीजवळचे, यावर लेण्याचे वय बदलू शकते.

यावर उपाय एका वर्षात जगून संपणाऱ्या वस्तूंचा. धान्य, बोरांच्या बिया, गवत, चिपाडे. इनामगावच्या मातीतून पाण्यात तरंगवून असे जळके दाणे वेगळे केले गेले आणि डेक्कन कॉलेजच्या मु. दि. कजाळे यांच्यासारख्या वनस्पती-अभ्यासकांनी ते ओळखले. पाण्याने भरलेल्या टबात माती सोडली की खडे-खापरे तळाशी जातात आणि जळके दाणे हलके म्हणून वर येतात. बारीक चाळणीत ते गोळा होतात: काळे, पोकळ, बोटाने दाबले तर चुरा होणारे. असा एक दाणा आज आख्ख्या तुळईपेक्षा जास्त मोलाचा आहे, कारण तो ज्या सुगीत भाजला गेला त्याच सुगीची तारीख देतो.

दाणा काढला तरी जबाबदारी संपत नाही. त्यात आजच्या झाडाची केसाएवढी मुळे शिरलेली असतात. जमिनीतला चुना चिकटलेला असतो. म्हणून प्रयोगशाळेत आम्ल, अल्कली आणि पुन्हा आम्ल अशी धुलाई होते. खड्ड्यावर नमुना कागदात किंवा कापसात गुंडाळायचा नसतो, कारण दोन्हींत आजचा कार्बन आहे. अॅल्युमिनियमच्या पन्नीत घेतात, थर, खोली, तारीख लिहितात. ही नोंद हरवली तर दाणा नुसता दाणा उरतो.

जिथे कार्बन चालत नाही

अमुक मूर्तीची किंवा दगडी मंदिराची कार्बन चाचणी करावी, अशी मागणी अधूनमधून ऐकू येते. दगड कधी जिवंत नव्हता, त्यात हे घड्याळ नाही. दगड समजा तपासलाच, तर तो दगड केव्हा झाला ते कळेल, मूर्ती केव्हा घडली ते नव्हे. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिराचा किंवा खिद्रापूरच्या कोपेश्वराचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून आला त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. ते मोजण्याची घड्याळेही वेगळी, युरेनियमची आणि पोटॅशियम-आरगॉनची. पोटॅशियम-४०चे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे आहे. मंदिरांचा काळ शिलालेख आणि शैलीच सांगतात.

धातूंचेही तसेच. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना ब्राँझचे चार भरीव नग सापडले: बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन ६० किलोहून जास्त. शैलीवरून अनेकांनी ते उत्तर-हडप्पा काळातले मानले. अगरवाल यांनी धातूचे पृथक्करण पुढे करून शंका घेतली, कारण त्यात आर्सेनिकचे प्रमाण त्या काळच्या इतर वस्तूंहून जास्त, एक टक्क्यावर होते. नग उत्खननाच्या खड्ड्यात, थरात मिळाले असते तर बाजूचा कोळसा बोलला असता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचीही हीच अडचण. बारसू, कशेळी, उक्षी इथे हत्ती, मासे, माणसे खोदली आहेत, पण खोदणे म्हणजे काढून टाकणे. मागे जळका दाणा राहत नाही.

अशा ठिकाणी दुसरी घड्याळे उपयोगी पडतात. क्वार्ट्‌झच्या कणांत आसपासच्या किरणोत्सारामुळे ऊर्जा साठत जाते. भट्टीत किंवा उन्हात ती रिकामी होते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. मडके भाजल्याची वेळ तापवून आणि गाळ झाकला गेल्याची वेळ प्रकाश टाकून काढता येते. भारतात अहमदाबादचे अशोक सिंघवी यांनी या दीप्तिमापनाला पाया दिला. तमिळनाडूतल्या अत्तिरम्पाक्कमच्या दगडी हत्यारांचे ३ लाख ८५ हजार वर्षांचे वय २०१८ मध्ये याच पद्धतीने प्रसिद्ध झाले. वृक्षवलयांचे कामही सुरू आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या हेमंत बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळच्या सागाच्या वलयांवरून ५२३ वर्षांची मालिका उभी केली. ती पावसाच्या अभ्यासासाठी आहे, पण सागवानी वाड्यांच्या तुळया अशा मालिकेशी जुळवण्याचा मार्ग त्यातून दिसतो.

दोन पद्धती भांडल्या तर काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे दगडी हत्यारांसोबत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्याचे वय आधी १४ लाख वर्षे सांगितले गेले, मग ६ लाख ७० हजार. काहींच्या मते ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या ७४-७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची राख. अलीकडच्या मापनाने तिचा संबंध तोबाच्याच सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या स्फोटाशी जोडला. बुलडाण्याच्या लोणार विवराचे वय कित्येक वर्षे ५२,००० असे छापले जाई. २०११च्या आरगॉन मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजारांवर नेले. प्रत्येक पद्धत वेगळ्या घटनेचे वय सांगते. कोणत्या घटनेचे वय हवे ते आधी ठरवावे लागते.

२०२५च्या जानेवारीत तमिळनाडू शासनाने शिवगळै येथील लोखंडाशी संबंधित थरातल्या कोळशाची इसवी सनपूर्व ३३४५ ही तारीख जाहीर केली. ती टिकली तर लोखंडाचा इतिहास नव्याने लिहावा लागेल. तिची परीक्षाही याच प्रश्नांनी होईल: कोळसा कोणत्या लाकडाचा, लोखंडाशी त्याचा संबंध काय, शेजारचे नमुने काय सांगतात.

पुन्हा ब्रह्मपुरीत

ब्रह्मपुरीच्या उत्खननाच्या वेळी हे काहीही उपलब्ध नव्हते. सांकलिया आणि दीक्षित यांनी हाताशी होते त्यातून जे काढले ते आजही अभ्यासले जाते. दीक्षितांची मणी आणि काचेच्या बांगड्यांवरची नजर तर पुढच्या पिढ्यांना वाट दाखवणारी ठरली. पण त्या अहवालातली कालगणना नाण्यांवर आणि खापरांवर उभी आहे, आणि ती नव्या साधनांनी तपासणे हे कोल्हापूरचे राहिलेले काम आहे. पांढरीवर आता शहर आहे. दर पायाभरणीला, दर ड्रेनेजच्या चराला थोडी पांढर कायमची जाते.

त्यासाठी सगळे टेकाड खणण्याची गरज नाही. मोकळ्या जागेत एक अरुंद, खोल चर पुरेल. तळाच्या अस्पर्श मातीपासून वरपर्यंत प्रत्येक थरातली माती पाण्यात तरंगवून दाणे काढायचे, दर थरातले दोन-तीन एएमएसला पाठवायचे, विटा आणि गाळ दीप्तिमापनाला. ब्रह्मपुरीत पहिले घर केव्हा उठले? विळिवायकुर आणि सिवलकुर यांचे ठसे एकमेकांवर पडले त्यात वीस वर्षे गेली की ऐंशी? सातवाहनकाळची वस्ती संपल्यापासून शिलाहारकाळची वस्ती उभी राहीपर्यंत किती पिढ्या गेल्या? आणि पंचगंगा? २००५, २०१९ आणि २०२१चे पूर कोल्हापूरकरांच्या भिंतींवर अजून दिसतात. विश्वास काळे आणि सहकाऱ्यांनी नर्मदेकाठी साकरघाट येथे गाळाच्या थरांवरून दोन हजार वर्षांच्या पुरांची नोंद काढून दाखवली आहे. पंचगंगेच्या काठच्या गाळातही जुन्या महापुरांच्या खुणा असतील तर त्यांची तारीख मिळणे हे निव्वळ पुराणवस्तूंचे काम राहत नाही, ते पूररेषा आखणाऱ्यांच्याही कामाचे आहे.

शिवाजी विद्यापीठ याच शहरात आहे, डेक्कन कॉलेज चार-पाच तासांवर, कण-त्वरक दिल्लीत. टाऊन हॉलमधल्या पोसायडनच्या चिठ्ठीवर आज घडणीचे शतक लिहिता येते. ज्या घरात तो ठेवला होता त्याच्या चुलीतला एक दाणा सापडला, तर तो देव मातीत गेला त्या काळाची ओळही तिथे लिहिता येईल.